विरोधात एक

५ सप्टेंबर, शुक्रवार

एकच हात वर – माझा.

सभागृहात मला धरून चाळीस पाळक, व्यासपीठावर बिशपसाहेब. ठराव वाचून झाला – जे पुरुष पुरुषाबरोबर नि ज्या बायका बाईबरोबर संसार करतात, त्यांना यापुढे प्रभुभोजन द्यायचं नाही, मंडळीत कुठलं काम द्यायचं नाही. बाजूने कोण? हातच हात. विरोधात? मी हात वर केला. खांदा आखडलाय, पुरता वर जाईना. चिटणीसांना वाटलं मला पाणी हवंय – त्यांनी ग्लास पुढे केला! मग उभं राहून सांगावं लागलं की पाणी नको, मी विरोधात आहे.

सुट्टीनंतर परत आले तर काडीशेजारच्या माझ्या खुर्चीवर त्याची बॅग. काडी माझ्याबरोबर धर्मशास्त्र शिकला. तेव्हा काडीसारखा होता. आता पोट सुटलंय, शहरातलं सगळ्यात मोठं चर्च सांभाळतो, पण माझ्यापुरता काडीच. बॅग उचल म्हणावं असं वाटलं. म्हटलं नाही. मागे जाऊन बसले.

ठराव पक्का व्हायला पुढच्या महिन्यात आणखी एक मतदान लागतं. नियमच आहे. तेव्हा हात नाही, नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या. चाळिसात एक – चिठ्ठ्यांनी काय बदलणार आहे?

७ सप्टेंबर, रविवार

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. उपासना संपल्यावर हेडमास्तर ऑफिसात आले. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण आमच्या पंचांचे प्रमुख म्हणून अजून सगळ्यांना रांगेत उभं करतात. बसले नाहीत.

विषय घड्याळजींचा. घड्याळजींचं बाजारात दुरुस्तीचं दुकान आहे, नि आमचा क्वायर तेच शिकवतात. इस्पितळात नर्स असलेल्या ब्रदरबरोबर एका घरात राहतात – दोघांचे केस काळे होते तेव्हापासून. सगळ्यांना ठाऊक. कोणी कधी बोललं नाही, कारण क्वायर चांगला गातो. हेडमास्तरांचं म्हणणं, पुढच्या महिन्याची वाट कशाला बघायची, आत्ताच मोकळं करा त्यांना. मी नाही म्हटलं.

"बाई, एका माणसापायी सगळी मंडळी घालवाल."

"आणि त्याला घालवून उरलेल्यांना कुठल्या तोंडानं उपदेश करू?"

बोलले खरी. मग ते जाईपर्यंत टेबलावरचे तेच कागद चाळत राहिले.

८ सप्टेंबर, सोमवार

कोणी आलं नाही. फोनही नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

ताईचा फोन. तिच्या जावेच्या भावाकडून तिला कळलं! आधी नसत्या उठाठेवीबद्दल ऐकवलं, मग तब्येतीचं विचारलं, मग आवाज खाली आणून – "तू तशी नाहीस ना गं?"

नाही म्हटलं.

"मग?"

तो 'मग' दिवसभर डोक्यात घोळतोय. मी तशी नाही, तर मला दुखायचं कारणच नाही – असा तिचा हिशेब. मी एकटी राहिले ते वेगळ्या कारणानं. ज्यानं विचारलं त्याची अट होती, पाळकपण सोड. त्याचं वाईट वाटणंही केव्हाच संपलं. पण रोज संध्याकाळी स्वतःच कुलूप काढून अंधारात शिरायचं नि आधी दिवा लावायचा, हे काय असतं ते मला माहीत आहे. ज्याला आतून दार उघडणारं कोणी आहे, त्याचं ते माणूस मी पाप म्हणून कसं मोजू?

हे ताईला सांगायला हवं होतं. सुचलं आत्ता, भांडी विसळताना.

१३ सप्टेंबर, शनिवार

घड्याळजी येऊन गेले. म्हणाले, मी आपणहून बाजूला होतो, तुमच्या जिवाला घोर नको. मी म्हटलं, तुम्ही गेलात तर मंडळी माझ्या सुरात गाईल, मग खरोखरच कोणी उरणार नाही. हसले थोडेसे. जाताना भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणून सांगितलं आणि खुर्चीवर चढून लावून दिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

बाकं निम्मी रिकामी.

आज प्रभुभोजन होतं. ते दोघं कधी शेजारी बसत नाहीत – एक ऑर्गनपाशी, दुसरा अगदी मागे, दाराजवळ. आज ब्रदर मागून चालत पुढे आला आणि घड्याळजींच्या शेजारी गुडघे टेकले. चर्चमध्ये त्यांना असं खांद्याला खांदा लावून मी पहिल्यांदाच पाहिलं. नेहमीचेच शब्द म्हटले, भाकर दोघांच्या तळहातावर ठेवली. ब्रदरचा हात गार होता.

मागे बाक सरकल्याचा आवाज. हेडमास्तर उठून बाहेर गेले. त्यांच्या मागोमाग आणखी चार-पाच घरं. शेवटच्यानं दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

बिशपसाहेबांनी बोलावलं. चहा दिला, साखर स्वतः घातली. मऊ बोलत होते, त्याचीच जास्त भीती वाटली. राग नाही म्हणाले. पण ठराव एकदा पक्का झाला की पाळायचा, नाहीतर झगा उतरवून ठेवायचा. राहतं घरही मंडळीचंच, तेव्हा विचार करा.

मग दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तुम्ही एकट्या आहात, बाई. एकट्या माणसाचं कोण ऐकतं?"

घरी येऊन विचार केला. सव्वीस वर्षं या झग्यात गेली. दुसरं मला येतं काय? टायपिंग येतं.

२१ सप्टेंबर, रविवार

क्वायर अर्धाच आला. गायला मात्र पुरा.

२४ सप्टेंबर, बुधवार

मंडळीतल्या एक आजी इस्पितळात आहेत, त्यांना भेटायला गेले. लिफ्टचं दार उघडलं तर आत काडी. दोघंच. तो दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिला. मी म्हटलं, बारीक झालायस. म्हणाला, हो, साखर निघाली. तीस वर्षांची मैत्री, आणि मला हे लिफ्टमध्ये कळतंय!

"तुझी काळजी वाटते," आकड्यांकडे बघतच म्हणाला.

"मग फोन कर की."

दार उघडलं. तो उतरला. माझाही तोच मजला होता. मी उतरले नाही. वरच्या मजल्यावर जाऊन जिन्यानं खाली आले.

२८ सप्टेंबर, रविवार

ताप. उपासना कशीबशी उरकली.

३० सप्टेंबर, मंगळवार

ताप हटेना. उठून पाणी घ्यायचं तर भिंत धरावी लागते. दूध बाहेर तसंच पडलेलं बघून दूधवाल्यानं कुणाला तरी सांगितलं असावं. दुपारी ब्रदर हजर, ड्यूटीच्या कपड्यांतच. ताप बघितला, गोळ्या दिल्या, सूप गरम करून आणलं, मी नको नको म्हणत असताना ओटासुद्धा पुसला. घड्याळजी जेवायचे थांबले असतील म्हटलं, तर म्हणाला, थांबू दे, त्याला सवय आहे.

मग वाटी उचलताना विचारलं, "बाई, आम्ही दोघं आहोत. उद्या चर्चमधून काढलं तरी घरी जाऊन एकमेकांची तोंडं बघू. तुम्हाला कोण आहे?"

मी म्हटलं, देव आहे.

"तो आहेच," म्हणाला. "पण तो सूप गरम करत नाही."

हसू आलं. तो गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडले – किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या मतदान. राजीनामा लिहून झाला. दोन ओळींत मावला. पुस्तकं खोक्यांत भरली, झग्याला इस्त्री केली – परत करायचा तर नीट करावा.

एकच मागणं आहे. चिठ्ठी नीट वाचली जावी. विरोधात एक, एवढं तरी दप्तरी लागू दे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ठराव पडला.

बाजूने अठरा, विरोधात बावीस. चिटणीसांचा विश्वास बसेना, त्यांनी परत मोजलं. तेच आलं. कोणी कुणाकडे बघेना. पुढच्या रांगेत काडी चष्मा पुसत होता, पुसतच राहिला.

बावीस. म्हणजे इतके दिवस आम्ही बावीस जण एकेकटे होतो.