तिच्या हातांचा फोटो

आबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. आपलं साप्ताहिक अजून शाहूपुरीतल्या त्याच खोलीतून निघतं, आता मी ते चालवते. आज तुमचं ओरडणं आठवतंय. माझी पहिलीच बातमी, पन्हाळ्याकडच्या एका शाळेत मुलीला मारल्याची. तिचं नाव मी मुद्दाम दिलं नव्हतं, पण बाप पोस्टमन असल्याचं लिहिलं होतं. पानं छापखान्यात निघालेली. तुम्ही प्रुफावर बोट आपटून सगळ्या ऑफिससमोर ओरडताय, "नाव गाळलंस व्हय? त्या गावात पोस्टमन किती हायेत गं? पोरगी उघडी पडली की!" अंक एक दिवस उशिरा निघाला, पण ती ओळ गेली. मी मात्र आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही.

गेल्या महिन्यात चंदगडहून एक बाई आल्या, एसटीनं, हात पदराखाली धरून. काजूच्या कारखान्यात काम. टरफलाच्या तेलानं बोटांची कातडी सोललेली, आणि मालक हातमोजे देत नाही. "माझं नाव नगं म्याडम, घरात मी एकटीच कमावती हाय," म्हणाल्या. मी नाव दिलं नाही, गावही दिलं नाही. हातांचा फोटो मात्र पहिल्या पानावर मोठा घेतला. मनगटावर विंचवाचं गोंदण होतं. आठ दिवसांत कारखान्यात हातमोजे आले, आणि त्याच दिवशी मुकादमानं अंकातल्या गोंदणावर बोट ठेवून त्यांना घरी पाठवलं.

काल मी त्यांच्याकडे गेले. बोटांना फडकं गुंडाळून त्यांनी माझ्यासाठी चहा केला. मला माफी मागायची होती, पण शब्द जुळेपर्यंत त्याच बोलल्या, "बाकीच्या बायकांचे हात तरी वाचले. पर तुमी इचारलं असतं, तर मी बांगड्या खाली सारल्या असत्या की. झाकलं असतं."

"माझ्या लक्षातच आलं नाही हो," मी म्हटलं. त्यांना ते पटलं. उलट मलाच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, व्हतंय असं."

आबा, ते खोटं होतं. फोटो निवडतानाच गोंदण मला दिसलं होतं. ते कापून पाहिलं, तर फोटो साधाच वाटायला लागला, म्हणून राहू दिलं.

हे पत्र खरं तर त्यांना लिहायला बसले होते. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.