पळसटोल्याची रोजची धावस्पर्धा मंजूर करून पूल उघडणेबाबत

प्रति,
मा. स्थानक व्यवस्थापक,
पळसटोला क्रीडानगरी स्थानक,
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

विषय : शाळेचा प्रत्येक दिवस क्रीडास्पर्धेचा दिवस समजून पादचारी पुलाचे दार उघडणेबाबत.
संदर्भ : आमच्या मागील अर्जावर आलेले आपले नकाराचे पत्र.

महोदय,

मी गुणवंतराव नैताम, पळसटोल्याच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची मला सवय आहे. वर्गात सांगताना मी कधी चिडलो नाही. आज चिडलो आहे.

१. आमचे गाव रुळांच्या अलीकडे, शाळा पलीकडे. पूर्वी मध्ये फाटक होते. क्रीडासंकुल आले, सामन्यांच्या गर्दीसाठी आपले स्थानक बांधले गेले आणि फाटक कायमचे बंद झाले. त्याच्या बदल्यात पूल मिळाला, असे आम्हांला सांगण्यात आले. पूल उत्तम आहे. बैलबंड्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद, वर छत, दोन्हीकडे कठडे. फक्त त्याला कुलूप आहे, आणि ते सामन्याच्या दिवशीच निघते.

२. बाकीच्या दिवशी मुले रुळांवरून जातात. कोळशाची मालगाडी सिग्नलला थांबलेली असली की डब्यांखालून जातात. चौथीतली सोमारी अशीच निघत असताना गाडीला हिसका बसला. दप्तर चाकाखाली गेले, मुलगी वाचली. तिची आई वच्छला मला म्हणाली, "गुरुजी, दप्तर नवं घेऊन देईन जी. पोरगी कुठून आणू?" तोच प्रश्न घेऊन मी आपल्याला अर्ज केला.

३. आपण कळवलेत की, 'सदर पूल मोठ्या गर्दीच्या नियोजनासाठी असून मंजूर क्रीडास्पर्धेखेरीज उघडता येत नाही.' महोदय, सामन्याच्या दिवशी आपले लोक भोंग्यावरून सांगतात, 'सावकाश चला, लहान मुलांचा हात धरा.' ती मुले बाहेरगावाहून खेळ पाहायला आलेली असतात. आमच्या मुलांचा हात धरायला आपल्याला किती गर्दी लागते?

४. पुलाची किल्ली श्रावणकडे असते. तो आपला कर्मचारी आणि माझा जुना विद्यार्थी. मी त्याला विचारले, "काऊन रे, उघडत नाईस?" तो मान खाली घालून म्हणाला, "मॅच नसली त उघडता येत नाई जी. उघडलं त नोकरी जाते. माही पोरगीबी खालूनच जाते, गुरुजी." त्याच्यावर माझा राग नाही. नियम त्याने केलेला नाही.

५. गेल्या आठवड्यात मी मुलांना रांगेत उभे करून मालगाडीखालून कसे जायचे ते शिकवले. आधी कान देऊन ऐकायचे. मग दप्तर पलीकडे फेकायचे. रुळावर हात टेकायचा नाही. मोठ्याने लहानाच्या मागे राहायचे. जन्मभर मी पाढे शिकवले, कविता शिकवल्या, रानातल्या झाडांची नावे शिकवली. हा धडा आपण माझ्याकडून शिकवून घेतलात. मुले तो चटकन शिकली. रांगेतल्या लच्छूने विचारलेसुद्धा, "गुरुजी, याची परीक्षा कवा हाय?"

६. यापुढे तो धडा मी शिकवणार नाही. आपल्याच नियमाला धरून येत्या सोमवारपासून मी 'पळसटोला ते शाळा' ही धावस्पर्धा सुरू करत आहे. शाळा भरण्याआधी जाण्याची फेरी, सुटल्यावर परतीची. मैदान आपला पूल. खेळाडू गावातली सगळी मुले. पंच मी, शिटी शाळेची. रविवारी सामना नाही. स्पर्धेस मंजुरी द्यावी आणि दार उघडावे. ही थट्टा समजू नये. थट्टा आपण केलीत, मी ती फक्त नियमात बसवली.

७. या स्पर्धेत पहिला-दुसरा क्रमांक नाही. सगळे पलीकडे पोचले की निकाल लागला. ज्या दिवशी एक जरी कमी पोचेल, त्या दिवशीचा निकाल मी आपल्या दालनात येऊन वाचीन, आणि त्या मुलाची आई माझ्या शेजारी उभी असेल.

आपला,
नम्रता संपत आलेला,
गुणवंतराव नैताम
पळसटोला, दि. १० जुलै २०२५

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) सोमारीचे दप्तर. कपाटात ठेवू नये, टेबलावर ठेवावे.