पश्चिम बुरुजाची मोजणी

१ डिसें. २०२४, रविवार
सकाळीच वानखडे सरांचा फोन. सर म्हणजे आमच्या गडवाल्या गटाचे मुखिया, नागपूरच्या महालातले रिटायर हेडमास्तर. म्हणे, "गटातली ती नवीन पल्लवी मोबाइलवर जीपीएस लावून गाविलगड फिरून आली. तुह्या नकाशात पश्चिमेचा कोट तिरपा आहे म्हणते गा."
डोकं फिरलं. बावीस वर्षं भूमापन खात्यात आहो. लोकायच्या शेताच्या धुऱ्याची भांडणं माझ्या मोजणीवर मिटतात. अन् कालची पोरगी मले तिरपं शिकवते! चार हिवाळे घालवले त्या नकाशात. कंपास माझ्या हाती, टेप वैशालीच्या, वै.च्या हाती.
सर पुस्तिका छापून राहिले गडाची, नकाशा त्यात जाणार. मी म्हटलं, पुढच्या रविवारी चला, सगळ्यायसमोर मोजून दाखवतो.
वै. अजून कागदावर बायको. १५ जानेवारीले कोर्टात घटस्फोटाची दुसरी तारीख, मग तेही नाही.
दुपारी खिचडी. एक वाटी तांदूळ टाकायची सवय अजून होत नाही, दोघांपुरतीच होते.

३ डिसें., मंगळ
फील्ड बुक काढलं. आकडे सगळे वै.च्या अक्षरात, मोत्यासारखे. शाळामास्तरीण ना. सातव्या पानावर मात्र माझी लाल शाई : "टेप चुकली. +३०."
तो दिवस लिहून टाकतो एकदाचा. ऑक्टोबर २०२१. पूर्ण कोटाले फेरी घालून पहिल्या दगडावर परत आलं की कागदावरही रेघ रेघेले मिळाली पायजे. मिळाली नाही. तीसेक मीटरची फट. टेप तीसची. म्हणजे पश्चिमेच्या लांब कोटावर तिनं एक टेप मोजायची सोडली, असं मी धरून चाललो. अकरा माणसं डबे उघडून बसले होते. मी तिथंच म्हटलं, "एक अख्खी टेप खाल्ली वं तू! पाचपर्यंत मोजता येत नाही, पोरायले काय शिकवतं?"
सगळे हसले. मीही.
वै. म्हणाली, "मी मोजलं ते लिहिलं. तुमी तुमचं पाहा." बस, एवढंच. त्यानंतर ती कधी गडावर आली नाही. घरातही मोजूनच बोले. वर्षभरानं दिवाळी करून माहेरी गेली, ती तिकडंच राहिली. आई-बाप, वकील, सगळ्यायनं विचारलं, झालं काय? दोघांपैकी एकालेही सांगता आलं नाही. टेपसाठी कोणी संसार मोडते का? लोक हसतील.

७ डिसें., शनि
परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यात मुक्काम. थंडी मरणाची. गाडीत सगळे अंताक्षरी खेळत होते. कुंदाताई माझ्या बाजूच्या सीटवर. गटात सगळ्यात वयानं मोठ्या, नर्स होत्या. म्हणाल्या, "वैशाली कशी आहे रे?" म्हटलं, बरी असेल. मले घाटातली वळणं मोजायची सवय आहे, यावेळी चुकलो.

८ डिसें., रवि
सकाळी चौकीवर नावं लिहून आत.
मोठ्या दरवाजावर तो दोन तोंडाचा पक्षी, पंज्यात हत्ती धरलेले. नवीन पोरायनं फोटो काढले. सरांचं सुरू झालं : आधी गवळ्यायचा मातीचा कोट, मग सुलतानायनं दगडाचा केला, मग आपल्या नागपूरकर भोसल्यायकडं आला. इंग्रज चालून आले तेव्हा गडावरच्या लोकायले वाटलं, एवढ्या जंगलातून तोफा वर येतच नाहीत. त्यायनं वाट फोडत फोडत ओढून आणल्या, उत्तरेकडून. बाहेरचा कोट फुटला. आतला शाबूत होता, दरवाजा बंद होता. तर शिडी लावून चढले. सर हे दरवेळी सांगतात अन् दरवेळी त्यायचा आवाज जड होते. मी दरवेळी घड्याळ पाहतो. आज ऐकलं.
मग पश्चिमेचा कोट. पल्लवीच्या हाती टेप दिली. मुद्दाम कडक बोललो तिच्याशी. पाच टेपा अन् वर सात मीटर. म्हटलं, परत मोज. पाच टेपा अन् सात मीटर. वै.चं सातवं पान उघडलं. तेच. सेंटिमीटरही तेच.
बरं, टेप चुकली नोती. मग?
कंपास काढला अन् त्या दिवशी ठेवला होता तिथंच ठेवायले गेलो. बुरुजावर घाणेरीच्या झुडपात लोखंडी तोफ पडली आहे, अर्धी मातीत. तोंड अजून पश्चिमेकडं. त्या दिवशी तिपाई ओल्या गवतावर घसरत होती, ढग उतरले होते, घाई होती. तोफेची पाठ रुंद, जागची हलत नोती. मी कंपास तिच्यावर ठेवला होता. लोखंडावर! चुंबकाचा काटा!
ऑफिसात नवीन पोरायले पहिल्या दिवशी सांगतो, कंपासजवळ जाता तर खिशातल्या किल्ल्याही काढून ठेवा. अन् मी पाच खंडी लोखंडावर मांडी घालून बसलो होतो.
वीस पावलं दूर गेलो. काटा अकरा अंश फिरला. पल्लवी म्हणे, "सर, हे तर..." म्हटलं, हो. माझी चूक. ती बिचारी दुसरीकडं पाहू लागली.
आणखी आठवलं ते लिहायले हात होत नाही, पण लिहितो. वै. त्या दिवशी म्हणाली होती, "पुढच्या टोकावरून मागचं बेअरिंग घ्या ना, दिशेचा ताळा लागेल." मी म्हटलं, ढगात मागचं दिसते कुठं. ती म्हणे, थांबू मग, ढग काही इथं घर करून राहत नाहीत. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर चूक तिथंच सापडत होती.
सगळे जेवले. मी तळ्याकडं जाऊन बसलो. रडू आलं. पन्नाशीचा माणूस, गळ्यात कंपास घालून रडून राहिलो.

९ डिसें., सोम
रात्रीचाच परत आलो. गाडीत सरांना हळूच सांगितलं. सर म्हणे, "आता सुधरवून टाक, झालं." त्यायच्यासाठी झालं.

१४ डिसें., शनि
नवीन आकड्यानं नकाशा काढला. लाल तीस काढून टाकले, वै.चे आकडे जसेच्या तसे, कंपासचा तेवढा नवा. रेघ पहिल्या दगडावर येऊन बसली. केसाएवढीही फट नाही.
अन् आणखी एक. दिशा चुकली की फट कोटाले आडवी पडते, टेप चुकली तर कोटाच्या लांबीत. माझी फट आडवी होती. नागडी दिसत होती कागदावर. मी +३० घालून उरलेली फट कोटाच्या वळणात मुरवून टाकली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याचा मेमो काढला असता. चूक तिचीच असणार, हे मले आधीच माहीत होतं ना. मग पाहायचं काहून?

१५ डिसें., रवि
मेसेज लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला, सरकारी झाला : "उपरोक्त मोजणीत त्रुटी आढळून आली." पुसला.

२२ डिसें., रवि
नरखेडकडं वै.च्या माहेरी गेलो, मोटरसायकलनं. न सांगता.
संत्र्याचा तोडा चालू. मामाजी अंगणात कॅरेट भरून राहिले होते, कळमन्याच्या बाजारात जाणारी गाडी उभी. मले पाहून म्हणाले, "या. जेवून जा." सासऱ्यानं एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ.
वै. संत्री निवडत होती, लहान एकीकडं, मोठी एकीकडं. बारीक झाली. केस कापले आहेत. नकाशा तिच्यासमोर खाटेवर पसरला. तोफेचं सांगितलं, काट्याचं सांगितलं. आडव्या फटीचंही सांगितलं. हात पुसून ती वाकली, पश्चिमेच्या कोटावरून बोट नेलं शेवटपर्यंत. मले वाटलं, आता हसते.
म्हणाली, "मले माहीत होतं."
"तोफेचं?"
"तोफेचं कसं माहीत राहील? मी मोजलं ते बरोबर होतं, ते माहीत होतं. तुमालेच नोतं."
म्हटलं, वैशाली, चुकलो मी. हे शब्द तोंडातून पहिल्यांदा निघाले असतील.
ती म्हणे, "त्या लोकायले सांगितलं?"
"सरांना सांगितलं. त्या पोरीले."
"माझी चूक काढली तेव्हा अकरा जण होते. माफी मांगायले मात्र एकटे आले, मागच्या दारानं." मग पुन्हा संत्री निवडायले बसली. "जेवून जा. बाबायनं म्हटलं आहे. अन् १५ तारखेले येईन मी."
जेवलो नाही. मामाजीनं पिशवीभर संत्री गाडीले अडकवली. काटोलच्या पुढं रस्त्याच्या कडेले थांबलो अन् अर्धा तास तिथंच उभा राहिलो. तिचं खरं आहे. अक्षरन् अक्षर खरं आहे.

२९ डिसें., रवि
सरांच्या घरी गटाची बैठक. पुस्तिकेचं बोलणं संपल्यावर उभा राहिलो. म्हटलं, २०२१ साली गडावर तुमच्यासमोर मी बायकोले बोललो होतो, टेप खाल्ली म्हणून. टेप बरोबर होती. मी कंपास तोफेवर ठेवला होता. गधेपणा माझा होता.
सगळे एकमेकाकडं पाहू लागले. एक जण म्हणे, "कधी गा? मले तर आठवतच नाही." दुसरा म्हणे, "जाऊ दे ना यार, नवरा-बायकोत चालते." कोणालेच आठवत नोतं! आमचं घर ज्यानं मोडलं, ते यायच्यासाठी डब्यासंग खाल्लेल्या लोणच्याएवढंही नोतं.
कुंदाताई तेवढ्या म्हणाल्या, "मले आठवते. तिनं त्या दिवशी डबा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणे, भूक नाही. मी तेव्हाच तुले बोलायले पायजे होतं."
सर म्हणाले, नकाशावर तिचं नाव टाकू. तेव्हा ध्यानात आलं, जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात माझं एकट्याचंच आहे. तीन वर्षं कोणी विचारलं नाही, मीही नाही. म्हटलं, तिले विचारल्याशिवाय टाकू नका.

५ जाने. २०२५, रवि
कुंदाताईचा फोन. त्या बोलल्या म्हणे वै.शी. नावाले ती हो म्हणाली. "माहेरचं आडनाव लावा" म्हणाली. आणखी काय म्हणाली, विचारलं. कुंदाताई म्हणे, "आणखी रडली."
दिवसभर काही सुचलं नाही. नकाशाच्या कोपऱ्यात तिचं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासह. दोनदा खोडलं.

१५ जाने., बुध
साडेदहाले कोर्टात. वै. आधीच बाकावर बसलेली, निळी साडी, एकटी. मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो. काल संक्रांत झाली, पण तिळगूळ कोणी काढला नाही.
बाराच्या सुमारास कळलं, जज साहेब रजेवर आहेत. पुढची तारीख २० फेब्रुवारी. वकील म्हणे, काही इलाज नाही. महिनाभर आणखी नवरा-बायको. हा महिना तिनं मागितला नाही, मीही नाही.
पायऱ्या उतरताना म्हणाली, "कुंदाताईनं सांगितलं, तुमी उभे राहून बोलले म्हणून."
"कोणाले आठवत नोतं."
"नसेलच. त्यायच्या घरचं थोडी होतं." मग म्हणे, "पण बोलले, ते बरं केलं."
म्हटलं, वीस तारखेले... ती म्हणाली, "तारीख आहे तर येईन ना. मी अजून काही ठरवलं नाही, अन् तुमी माझ्या वतीनं ठरवू नका."
गणेशपेठ स्टँडवर सोडलं. गाडीवर मागं बसली, पण हात बॅगवर ठेवला, माझ्या खांद्यावर नाही. स्टँडवर म्हणाली, "नरखेडची एकची आहे." मले वाटत होतं दीडची आहे. पक्कं वाटत होतं. समोर पाटी होती, खिशात मोबाइल होता, जीभ दातावर येऊन टेकली होती.
म्हटलं, बरं.
दोघं बाकावर बसलो. बस आली, ती चढली. किती वाजले ते मी पाहिलं नाही.