सफरचंदाचा कानवला

बाबा,

आई गेली, त्याला आता तीन महिने झाले. परवा तिचं कपाट आवरताना खालच्या खणात, लग्नातल्या शालूच्या घडीत, तुमचा तो कागद सापडला. डायलिसिस मशीनच्या सर्व्हिस फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुमच्या ठोकळेबाज अक्षरात लिहिलेली ॲपल पायची कृती. मैदा, फ्रीजमधलं गार तूप, सफरचंदं, साखर, दालचिनी, आणि सगळ्यात शेवटी आईने पेन्सिलीने घातलेली भर, 'वेलची विसरू नये'. तुपाचे डाग पडून कागद जागोजागी आरपार दिसायला लागलाय. मी तिथेच फरशीवर बसले. तुम्ही सेहेचाळिसाव्या वर्षी गेलात आणि माझी पन्नाशी उलटली, म्हणजे वयाने आता मी तुमच्यापेक्षा मोठी. तरी तो कागद हातात आल्यावर मनात पहिलं आलं ते हेच, की आता बाबांना कळणार. काय कळणार, ते सांगायलाच लिहायला बसलेय. सरळ सांगायचं धाडस नाही, म्हणून जरा लांबून येते.

कुवेतला, अबू हलीफाच्या फ्लॅटमध्ये, शुक्रवारी स्वयंपाकघर तुमचं असायचं. आठवडाभर हॉस्पिटलात डायलिसिसची मशीन्स आणि त्यांना लागणारं शुद्ध पाणी यांची देखभाल करायची, आणि सुटीच्या दिवशी बनियन-पायजम्यात ओट्याशी उभं राहून सफरचंदं सोलायची. साल एकसंध निघाली पाहिजे हा तुमचा हट्ट. मध्येच तुटली तर तेवढं सफरचंद तुम्ही गुपचूप खाऊन टाकायचात. कृती दिली होती तुमच्या वॉर्डातल्या एका इंग्रज सिस्टरने, नोकरी संपवून मायदेशी जाताना, तिचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून दिल्याबद्दल. डिश तुम्ही शुवैखच्या कारखान्यांच्या भागात एका पत्रेवाल्याकडून ठोकून घेतली होतीत, कारण दुकानातली तुम्हाला फार नाजूक वाटली. ओव्हनचा काटा खोटं बोलतो म्हणून आत एक वेगळा थर्मामीटर लटकवलेला. सारण तुमचं, भाजणं तुमचं. पण वरची पारी पसरून कडा मिटवायची वेळ आली की तुम्ही हात धुऊन बाजूला व्हायचात आणि हाक मारायचात, "अगं, ये. सही करायला ये."

मग आई यायची आणि कडेला मुरड घालायची. अंगठ्याने कड दुमडायची, चिमटायची, त्यावर पुढची दुमड. डिश हळूहळू फिरायची आणि तिच्या मागे दोरीसारखी एकसारखी मुरड उमटत जायची. आई त्याला ॲपल पाय कधी म्हणालीच नाही. तिच्या लेखी तो सफरचंदाचा कानवला. तिच्या माहेरी गौरी निघाल्या की, लेक सासरी निघाली की, हाताने मुरड घातलेला कानवला करत. निघणाऱ्याने तो खाऊन जायचं, म्हणजे माणूस परत येतं. तुम्ही दर शुक्रवारी तिला चिडवायचात, "पण आज निघालंय कोण?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "तुम्ही निघताय. उद्या सकाळी, ड्यूटीवर."

मला मात्र माझा ॲपल पाय पुस्तकातल्यासारखा हवा होता. शाळेच्या लायब्ररीतल्या प्रत्येक इंग्रजी गोष्टीत कोणीतरी खिडकीत पाय निवत ठेवलेला असायचा. त्याच्यातून वाफ निघायची, वासावर एखादा द्वाड मुलगा किंवा कुत्रा यायचा. टीव्हीवरच्या मालिकांमधल्या आयासुद्धा तसाच पाय टेबलावर आणून ठेवायच्या. मी एकदा हट्टाने आपलाही खिडकीत ठेवायला लावला. जुलै महिना. तासाभराने तो ओव्हनमधून काढला होता त्याहून गरम, आणि वर वाळूचा थर. तुम्ही चमच्याने वाळू खरवडत म्हणालात, "बाईसाहेब, गोष्टीतल्या खिडक्या थंड देशातल्या असतात." माझ्या चौदाव्या वाढदिवसाला वर्गातल्या मैत्रिणी आल्या. आईने मुरड घातलेला पाय मध्ये ठेवला, आणि एक जण म्हणाली, "ओ माय गॉड, इट्स अ जायंट करंजी!" सगळ्या हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने. आई बशा आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं की पुढच्या वेळी कड काट्याने दाबायची, चित्रात असते तशी. आई म्हणाली, "दहा बोटं असताना काटा कशाला?"  ती झोपायला गेल्यावर तुम्ही मला गॅलरीत बोलावून म्हणालात, "तिच्या हाताला हसणाऱ्यांत तू होतीस. ते मला आवडलं नाही." बस, एवढंच. उभ्या आयुष्यात तुम्ही मला रागावलात ते एकदाच, तेही आवाज न चढवता, आणि ते शब्द माझ्या जिव्हारी लागले. माफी मात्र मी मागितली नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये इराकचे सैनिक आले. त्या दिवसांचं लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी काय सांगू? मला आठवतात ते ओट्याखाली रांगेने भरून ठेवलेले पाण्याचे डबे, आणि रोज सकाळी तुमच्या बुटांचा जिन्यात होणारा आवाज. नाक्यावर बंदुका घेतलेली पोरं उभी असत आणि तुम्ही हॉस्पिटलचं कार्ड शर्टाला लावून ड्यूटीवर जात होतात. सप्टेंबरमध्ये भारतात जाणाऱ्यांसाठी बस ठरली. बसऱ्याहून बगदाद, तिथून अम्मान, मग विमान. यादीत आपली तिघांची नावं होती. आदल्या दिवशी तुम्ही जेवताना सांगितलंत की तुम्ही येत नाही.

आईने भाताचा घास पुन्हा ताटात ठेवला. म्हणाली, "अहो, सगळे निघालेत."

"म्हणूनच. पाण्याचा प्लांट बघणारा दुसरा कोणी उरला नाही. पाणी बिघडलं तर डायलिसिसवरची माणसं आठवडा काढणार नाहीत. सहा आठवडे. दुसरा माणूस तयार केला की आलोच."

मी ताटावरून उठले. तुमच्याशी मी इंग्रजीतच बोलायची, तुम्ही मराठीत विचारलं तरी. त्या दिवशीही इंग्रजीतच म्हणाले, "दे आर नॉट युअर फॅमिली. वी आर."  तुम्ही मराठीत म्हणालात, "हो. म्हणून तर तुमच्याशी भांडता येतं." त्याचा अर्थ कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली.

निघायच्या सकाळी तुम्ही पहाटेच उठून मैदा मळत होतात. सफरचंदं तीनच होती. तुमच्या एका म्हाताऱ्या पेशंटने, स्वतःच्या घरात काही उरलं नसताना, लांब झग्याच्या खिशातून आणून दिलेली. भर म्हणून तुम्ही त्यात कूसा किसलात, तो तिथला दुधीसारखा भोपळा, वर लिंबू पिळलंत. पारी पसरून झाली. आई किल्ल्या द्यायला खाली शेजाऱ्यांकडे जाऊन नुकतीच वर आली होती आणि पदराला हात पुसत ओट्याकडे येत होती. मी मध्येच शिरले. खणातून काटा काढला आणि म्हटलं, "नो मुरड. आय ॲम नॉट कमिंग बॅक हिअर. एव्हर." आणि कड दाबत सुटले. खच्च, खच्च, खच्च. अगदी चित्रातल्यासारखी कड झाली, बाबा. आई हात तसेच धरून उभी राहिली. तुमच्याकडे तिने बघितलं आणि तुम्ही मानेने 'राहू दे' म्हणालात. ती परत खाली गेली, सामान मोजायला. मी खोलीत जाऊन माझी पुस्तकं पिशवीत कोंबत बसले.

बसपाशी तुम्ही आमच्या हातात चांदीच्या कागदात बांधलेल्या दोन पुड्या दिल्यात. एक तिची, एक माझी. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी खिडकीबाहेर बघितलंच नाही. आईनेच सांगितलं नंतर, की बस वळेपर्यंत तुम्ही उभे होतात आणि हात न हलवता नुसते उभे होतात.

आईने तिचा तुकडा पहिल्याच रात्री खाल्ला. माझा मी रागाने तसाच ठेवला. जॉर्डनच्या हद्दीवरच्या तंबूत तिसऱ्या दिवशी दुपारी भूक अनावर झाली तेव्हा पुडी उघडली. आई पाण्याच्या रांगेत होती. तुकड्याची कड काट्याची नव्हती. काट्याच्या रेघा बोटाने पुसून टाकल्या होत्या आणि त्यावर मुरड होती. आईची नव्हे. आईची मुरड मी झोपेतही ओळखली असती. ही जाड, वेडीवाकडी, जेमतेम चार वळणांची, त्यातलंही एक भाजताना उकललेलं. ज्याने जन्मात कधी मुरड घातली नाही त्या माणसाने, मी पुस्तकं भरत असताना, घाईघाईने घातलेली. आईच्या तुकड्यावर नव्हती, पहिल्या रात्री मी पाहिलं होतं. ती परत येणारच होती, तिला सांगायची गरज नव्हती. न येण्याचं मी बोलले होते.

मार्चमध्ये आम्ही नाशिकला, शेजारच्यांच्या टीव्हीसमोर. कुवेत सुटलं होतं. एका अमेरिकन सैनिकाला कोणीतरी विचारतं, घरी गेल्यावर पहिलं काय खाणार? तो गालात हसतो आणि म्हणतो, आईच्या हातचा ॲपल पाय. शेजारच्या काकूंनी विचारलं, हे काय असतं हो? आणि आई किती महिन्यांनी हसली. म्हणाली, "आमच्याकडे पण असतो. हे आले की करते, तुम्हालाही देते." दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून किलोभर सफरचंदं आणली. ती फ्रीजमध्ये ठेवली आणि मला दम दिला की हात लावायचा नाही. तुम्ही तेव्हा जाऊन दोन महिने झाले होते. हॉस्पिटलातल्या केरळच्या सिस्टरचं पत्र एप्रिलमध्ये आलं. जानेवारीत पंप बंद पडले, तुम्ही दोन दिवस डब्यांनी टाकीत पाणी चढवत होतात, आणि जिन्यातच छातीत कळ आली. पुढचं सगळं एका ओळीत होतं, की जमेल तसं केलं. आई ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेली. सफरचंदं सुरकुतली, मग सडली, तरी कितीतरी दिवस ती टाकायला कोणी फ्रीज उघडला नाही.

त्यानंतर आईने ॲपल पाय कधी केला नाही. कानवले मात्र केले. मी कॉलेजला पुण्याला निघाले की कानवला, चार दिवसांच्या सहलीला निघाले की कानवला. माझा नवरा तर गमतीने म्हणायचा की मी भाजी आणायला निघालो तरी सासूबाई मैदा भिजवतील. मी हसायची. ती हसत नसे. शेवटच्या आजारपणात तिचं बोलणं तुटक झालं होतं, तेव्हाही दोनदा-तीनदा तेच म्हणाली. "तुझ्या हातातला काटा मी काढून घ्यायला हवा होता. मुरडीशिवाय निघालो आपण, म्हणून परत भेट झाली नाही. माझंच चुकलं." पस्तीस वर्षं ती हे उराशी धरून होती. मी तिचे पाय चेपत बसले आणि म्हटलं, असं काही नसतं गं आई.

हे मला माहीत आहे, की असं काही नसतं. कडेच्या चार वळणांनी पंप चालू राहत नाहीत. पण तिला ते माहीत नव्हतं, आणि तिला सांगता येण्यासारखं माझ्याजवळ काहीतरी होतं. काल मी तुमच्या कागदावरून पाय केला. वेलची विसरले नाही. कडेला आले आणि दहा बोटं तशीच थबकली. शेवटी चार वळणं घातली, तीही तुमच्यासारखीच वाकडी झाली. हे पत्र आता त्या कागदाबरोबर शालूच्या घडीत ठेवणार आहे. दुसरा कुठला पत्ता माझ्याजवळ नाही.

तंबूत त्या दुपारी मी सारण तेवढं खाल्लं, बाबा. मुरड तोडून वाळूत टाकली आणि वरून चपलेने वाळू ओढली. आई पाणी घेऊन आली तेव्हा म्हटलं, संपवला. 'बाबांनी घातली होती मुरड' एवढं एक वाक्य तिला पस्तीस वर्षांत कधीही सांगितलं असतं तर तिचा जीव सुखाने गेला असता. मी सांगितलं नाही. कारण ऐकून तिने पहिलं हेच विचारलं असतं, "मग तू खाल्लीस ना?"