मागच्या टेबलावरची वडी

३ मार्च

आज रुजू झाले. विद्यापीठाचं मध्यवर्ती ग्रंथालय, संग्रह विभाग. नेमणूक कराराची आहे, पण काम पाहून कायम करतात म्हणे. आमच्या वांदो बेटावरच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई समुद्रशेवाळ वाळवते. नव्या माणसाने कचेरीत तांदळाच्या वड्या वाटायच्या असतात, म्हणून तिने रात्र जागून करून पाठवल्या, वर लाल चवळीचा जाड थर देऊन. साध्या चालल्या असत्या, पण आई म्हणाली की चवळी हवीच, नव्या जागेत काय काय असतं, लाल चवळी असली की ते जवळ येत नाही. मला हसू आलं.

विभागात आम्ही तिघंच. प्रमुख ग्वाक मॅडम, बांगसाहेब आणि मी. एक वडी उरली. ती डब्यात ठेवू लागले तर मॅडम म्हणाल्या की मागच्या टेबलावर ठेव. त्या टेबलाशी कुणीच बसत नाही. बांगसाहेब म्हणाले की ठेव गं, तिथली मंडळी आपल्याहून जुनी आहेत आणि पगारवाढही मागत नाहीत. मॅडम हसल्या नाहीत.

संध्याकाळी बशी धुवायला घेतली तर वडी संपलेली होती. चवळीचे दाणे मात्र एकेक वेचून कडेला ठेवलेले. कुणाला तरी आवडत नसावेत.

आईने सगळ्या वाडीला सांगितलंय की आमची पोरगी पुस्तकांची साहेबीण झाली. तिने ग्रंथालय कधी पाहिलेलं नाही. कायम झाले की तिला इथे आणायचं, हातात हात धरून सगळे मजले दाखवायचे. एवढं एकच मागणं आहे.

१२ मार्च

काम आवडतंय. पोरं येतात ती जागा धरायला. खुर्चीवर कंपास ठेवायचा आणि जेवायला जायचं. पुस्तकांच्या मजल्यांवर शुकशुकाट. पण आज गावातले एक आजोबा आले होते. त्यांचं खेडं धरणाखाली गेलं, त्याचा नकाशा मिळेल का म्हणून विचारत होते. तळघरातून शोधून दिला. त्यांनी बोटाने आपलं घर दाखवलं आणि बराच वेळ बोट तिथून उचललं नाही. याच्यासाठीच तर मी शिकले.

बांगसाहेब मला म्हणाले की प्योबाई, एवढ्या खूश होऊ नका, नजर लागेल.

२ एप्रिल

तिसरा मजला रिकामा करायचाय. तिथे बसायच्या जागा आणि कॉफीचं दुकान होणार. दहा वर्षांत जे कुणी घरी नेलं नाही ते पुस्तक बाद. किती बाद करणार तो आकडा वर कळवून झालाय. मॅडम म्हणाल्या की आकडा भरायचा, कसा भरायचा हा आपला प्रश्न.

शिक्का मारायचं काम सगळ्यात नव्या माणसाचं, ही इथली रीत. पहिल्या पानावर विद्यापीठाची लाल मुद्रा असते, बरोबर तिच्यावर निळा 'बाद'. मग पुस्तक मागच्या टेबलावर जातं आणि तिथून मालमोटारीत. टेबलावर गेलेल्या पुस्तकाकडे बघायचंही नाही. मी एक चाळायला उचललं तर मॅडम हळूच म्हणाल्या की खाली ठेव, ते आता नाहीये. समोर दिसलं तरी नाही. कुणी विचारलं तरी नाही म्हणायचं, नाहीतर रोज एखादे प्राध्यापक रडत येतील आणि आकडा तसाच राहील. बांगसाहेब म्हणाले की सवय होते, माझ्या सासूबाई माझ्याकडे गेली कित्येक वर्षं असंच बघतात.

मनगटाला निळी शाई लागली. साबणाने निघाली नाही.

१६ एप्रिल

आजच्या ढिगात वांदोच्या शेवाळशेतीची एक जुनी पाहणी निघाली. आत फोटो होता. शेवाळ वाळवायच्या चटया, आणि त्यांच्यापुढे उन्हाने डोळे बारीक केलेली, पुढचा दात पडलेली एक मुलगी. ती आई आहे. तिचे डोळे मी कुठेही ओळखीन.

हिच्यावर शिक्का कसा मारू? मग सुचलं. पुस्तक आज कुणी घरी नेलं तर त्याला आणखी दहा वर्षं मिळतात. मीच माझ्या कार्डावर घेतलं. यात नियम मोडत नाही. फार हलकं वाटलं.

निघताना माझ्या टेबलाखाली कचेरीत घालायच्या चपला सापडल्या नाहीत.

२५ एप्रिल

आणखी दोन वाचवली. एक कापडगिरणीतल्या मुलींनी स्वतः छापलेल्या कवितांचं. दुसरं एका शाळामास्तरांनी कोळ्यांकडून जमवलेल्या वाऱ्यांच्या नावांचं. मास्तरांनी शेवटी लिहिलंय की ही नावं कुणाला लागतील असं वाटत नाही, तरी ठेवतो.

दुपारी मॅडमनी सगळ्यांसाठी काळ्या रश्शातल्या शेवया मागवल्या. दोनच वाडगे आले. बांगसाहेब मला पाहून दचकले. म्हणाले की अगं हो, तू आहेस की. त्यांच्यातल्या अर्ध्या मला दिल्या आणि म्हणाले की उपकार समजू नका प्योबाई, डॉक्टरांनी मला कमीच खायला सांगितलंय.

दारावरच्या पाटीवर माझ्या नावाची जागा मोकळी आहे. पट्टी पडली असेल.

८ मे

आज आईवडिलांचा दिवस. आईला तांबडी फुलं पाठवली होती. फोन केला. ती म्हणाली की फुलं आली बाई, पण वर नाव नव्हतं, मला वाटलं शेजारणीची इकडे आली. मी म्हटलं, मी दा-ऑन.  ती हां हां म्हणाली. मग विचारलं की हल्ली काय करतेस तू?

काल एक पुस्तक वाचवलं होतं. नेमकं कालच.

२१ मे

फाटकावर कार्ड चालत नाही. दिवा लाल. रखवालदार माझ्या पलीकडच्या पोराशी गप्पा मारत होता. त्या पोराच्या पाठोपाठ आत आले.

मॅडमना विचारलंच, हे काय चाललंय म्हणून. त्या फायलीतून वर न बघता म्हणाल्या की आकडा वर कळवलेला असतो, एक मागे घेतलं की त्याच्या जागी दुसरं काहीतरी जातं. आधीची मुलगीही फार वाचवायची, गुणी होती. ती कुठे असते म्हणून विचारलं. मॅडमची नजर मागच्या टेबलाकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

मग तुम्ही माझ्याशी कशा बोलताय, म्हणून विचारलं. म्हणाल्या की अजून थोडी दिसतेस.

३ जून

चूक झाली. मान्य. मला आई हवी आहे, पुस्तकं नकोत. सगळी परत आणली आणि शिक्का मारायला बसले. गिरणीच्या मुलींवर मारला. वाऱ्यांवर मारला. शाई उठत नाही. पान कोरडंच राहतं आणि ओलं होतं ते माझं मनगट. तिथे आता शिक्क्याचा निळा चौकोन आहे. वाचता येतो.

आईचा फोटो असलेलं शेवटी घेतलं. त्याच्यावरही मारला. हो, मारला. तेवढी वेळ आली.

तेही कोरडंच. सगळी वाचली आहेत. आता त्यांना कुणी बाद करू शकत नाही.

१४ जून

आई फोनवर तुम्ही म्हणाली.

तुम्ही कुठून बोलताय, म्हणाली. विद्यापीठातून म्हटल्यावर आवाज एकदम अदबीचा झाला. म्हणाली की बाई, तुमचा नंबर चुकला असेल, आमच्यात कुणी शिकलेलं नाही. मला मूलबाळ नाही. एखादी मुलगी असती ना, तर शेवाळात हात नसते घालू दिले तिला, तुमच्याकडेच धाडली असती.

मग म्हणाली की तुमचा आवाज गोड आहे हो. रडताय का? कुणाशी तरी बोला. आई आहे ना तुम्हाला?

३० जून

बांगसाहेबांच्या समोर उभी राहिले. हात हलवला. त्यांनी माझ्या आरपार घड्याळ पाहिलं. मग डोळे पुसले आणि खिडकी लावून घेतली. ते ओळखतात. तरी नाही म्हणतात. रीत आहे.

१७ जुलै

वांदोला जायचं. आईसमोर उभी राहीन, हात धरीन, मग तरी ओळखेल. एका मुलीच्या पाठोपाठ फाटकाबाहेर पडले. ऊन लागलं. पायऱ्या उतरले — बसथांबा दिसत होता —

मागच्या टेबलाशी बसलेली होते.

पुन्हा गेले. पुन्हा टेबल.

५ ऑगस्ट

इथे एक मुलगी आहे. आधीपासूनच असणार. तिने सरकून मला जागा दिली. तिच्या मनगटावर —

नाव विचारलं. ओठ हलले. तिलाही आठवत नाही —

१९ ऑगस्ट

मालमोटार आली. पुस्तकं बांधून नेली. तिलाही. ती निमूट उठली, वळून पाहिलं नाही. मला जागा नव्हती म्हणून —

पुढची गाडी सप्टेंबरात. मॅडम फोनवर सांगत होत्या.

तिसऱ्या मजल्यावर कॉफीचा वास. आईच्या फोटोचं पुस्तक नव्या कपाटात, काचेआड, वर दिवा. शोभेला. कुणी उघडत नाही —

१ सप्टेंबर

नवी मुलगी. ये-दाम. डोंगरातल्या गावची, घरातली पहिलीच शिकलेली, बांगसाहेबांना सांगत होती. ते म्हणाले की अहो, आमच्याकडे पहिल्याच येतात सगळ्या. 

वड्या आणल्यात. तिच्या आईनेही वर लाल चवळी —

एक उरली. मॅडम म्हणाल्या की मागच्या टेबलावर.

मी ओरडले. सांगितलं तिला, काही वाचवू नकोस, मार शिक्के, सगळ्यांवर मार, माझ्यावरही — तिने पुस्तकांचा ढीग सरळ केला. वरचं उचलून पान उघडलं. हसली. ते तिच्या पिशवीत —

बशी माझ्यासमोर आहे. वडी अजून गरम. किती दिवसांनी भूक —

चवळी मात्र तोंडापर्यंत नेववत नाही. हात भाजतो. आई म्हणाली होती की ते जवळ येत —

एकेक दाणा वेचून कडेला