बोका गोलमध्ये

३ मार्च, सोमवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल ह्यांनी आमच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. शीळ घालत एकेक स्क्रू काढला आणि खिशात टाकला. म्हणाले, "नवरा-बायकोत कडी कशाला?" ह्यांचा पारा चढला की मी बाळीला घेऊन त्या कडीमागेच बसायची. आता कुठे बसू?

सातवीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडंतिकडं आहे. असू दे. कुणाला दाखवायचंय! वही बाळीच्या डायपरच्या पुड्यात ठेवते. तिथं हे हात घालत नाहीत.

४ मार्च, मंगळवार

बाहेरून कुलूप घालून गेले. माझं सिम ह्यांच्या पाकिटात. घरच्या वायफायवर बाळीची गाणी लागतात आणि माझा फुटबॉलचा गेम, बाकी सगळं ह्यांनी फोनमधून काढून टाकलंय. तेवढा चालतो ह्यांना. "खेळ बाई, खेळ. डोकं तरी घरात राहील."

गेम दादानं फोनमध्ये टाकून दिलाय, हे ह्यांना माहीतच नाही. त्याचाही संघ आहे माझ्याच लीगमध्ये, भलत्याच नावानं. मी पोरांचा संघ बांधते. गेममधला खेळाडू शोधणारा माणूस दर आठवड्याला एक पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं आणतो. ठेवायचं का परत पाठवायचं ते मी ठरवते, मग त्याला सरावाला लावते. नावं माहेरच्या गल्लीतल्या पोरांची ठेवलीत — काडी, ढब्बू, वकील. आणि गोलकीपर बोका. गल्लीतला खरा बोका असला जाड! दिवसभर गोलमध्ये जांभया देत उभा. पण आता हरतोच म्हटलं की गोल सोडून पुढे धावत सुटायचा.

त्यावरूनच दादानं ठरवलं. शेवटचा आला तेव्हा ह्यांनी दारातूनच परत पाठवला त्याला. चपला घालता घालता माझ्याकडे न बघता बोलला, "बोका गोलमध्ये दिसला की समजेन, बरी आहेस. बोका पुढे आला की मी गाडी काढतो."

गेममध्ये लिहून बोलता येतं, पण लिहिलेलं पुसता येत नाही. आणि हे आल्या आल्या सगळं वाचतात. संघ कसा लावलाय ते मात्र बघत नाहीत. दादालाही तो सामना सुरू झाल्यावरच दिसतो.

आज एक भारी गोलकीपर आला होता. परत पाठवला! आपला बोकाच बरा. सामन्यात चार गोल खाल्ले त्यानं. दादानं परक्यासारखं लिहिलं, "अहो बाई, तुमचा गोलकीपर म्हणजे चाळणी आहे. विकून टाका." मी लिहिलं, "राहू द्या. घरचा आहे." एकटीच हसले. मग भीती वाटली — हसले ते शेजारी ऐकू गेलं असेल का.

५ मार्च, बुधवार

बाळी रडत होती. ह्यांनी तिला उचललं, गॅलरीत नेलं आणि कठड्यावर बसवलं. एकाच हातानं धरलं. म्हणाले, "आता रड."

ती गप्प झाली.

६ मार्च, गुरुवार

रविवारी इथून जायचंय म्हणे. लांब, दुसऱ्या गावी खोली बघितलीय. कुठं ते सांगत नाहीत. "येऊ दे तुझ्या भावाला हुंगत हुंगत!" तिथं वायफाय नाही.

बोक्याला पुढे लावला. काडीला गोलमध्ये. घाईत आधी ढब्बूलाच बाहेर बसवला. उद्या संध्याकाळी सामना. दादा बघेल. बघेल ना? बाळीचे दोन फ्रॉक आणि बाटली एका पिशवीत घालून ठेवली. मग परत काढली. हे आल्यावर पिशव्या बघतात.

७ मार्च, शुक्रवार

आज हे खुशीत! जवळ येऊन बसले. फोन हातातून घेतला. "बघू तरी, दिवसभर काय करतेस."

मी हात पुढे केला, दिला नाही.

"हा बोका गोलकीपर ना? मग पुढे काय करतोय? अगं येडे, डोक्यात भुसा भरलाय का?"

"राहू द्या ना. गंमत म्हणून लावलाय."

"गंमत कसली! हरशील की."

बोक्याला उचलून गोलमध्ये ठेवला. काडीला, ढब्बूला, सगळ्यांना नीट लावलं. मी म्हटलं, बाळीला गाणी लावायचीत, फोन द्या. "थांब गं." सामना सुरू झाला तरी फोन सोडला नाही.

तीन-शून्य जिंकलो.

दादाचं आलं. ह्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं — "वा! बोका आज एकदम जागेवर. आता आम्हीपण निवांत झोपू." मग माझ्या पाठीत थाप मारली. "बघ, परका माणूस कौतुक करतोय माझं!"

मी म्हटलं, हो.

८ मार्च, शनिवार

फोन आता ह्यांच्याकडेच. चटक लागलीय. गाडीत बसेपर्यंत खेळणार म्हणतात. बोका गोलमधून हलायचा नाही.

घरमालकाच्या चादरी आणि अभ्रे धुऊन परत द्यायचेत. आता हे गठ्ठा घेऊन लाँड्रीत टाकायला जातील. पानं फाडून मधल्या अभ्र्यात घालतेय.

लाँड्रीवाल्या ताई, नाहीतर जे कुणी वाचत असेल — दादाचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. आजच फोन करा. इथे येऊ नका, ह्यांना काही विचारू नका. दादाला एवढंच सांगा, बोका पुढे आलाय.