हौद लेकीच्या लेकीला

आधी एक तक्रार. वकिलाने पहिल्या कागदावर मला 'अशिक्षित' लिहिलं होतं. दोन यत्ता शिकले आहे, आणि वर्गात झोपले नव्हते. तो कागद फाडायला लावला. आता हा खरा.

मी, कापड रंगवायच्या या रंगखान्याची मालकीण, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर राजीखुशीने हे मृत्युपत्र करते. आधीची सगळी रद्द समजावीत. त्यातलं एक तर निव्वळ रागात केलं होतं.

एक. राहती खोली आणि भांडी सुनेला. तिने माझं सगळं केलं. तोंड वाजवत केलं, पण केलं.

दोन. रंगखाना, कढया, दांडे आणि बँकेत असेल ते थोरल्या मुलाला.

तीन. मागचा उथळ हौद आणि भोवतीची मोकळी जागा मात्र माझ्या लेकीच्या लेकीला. गोदाम बांधायला थोरल्याचा त्या जागेवर डोळा आहे, म्हणून कारण लिहून ठेवते.

आमचं रंगाचं पाणी गटारातून खालच्या लॉन्ड्रीवालीच्या अंगणात शिरायचं. तिच्या चादरी लाल झाल्या, तिने तक्रार केली, प्रदूषण मंडळाने रंगखान्याला कुलूप लावलं. माणसं घरी बसली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा या नातीने टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर आणली (नाव तिला विचारून घातलं आहे). कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना सुटा कण दिसायचा नाही. उजेड पडला की ती पाण्यातला रंग तोडते. पण पांढरीला कडक ऊनच लागायचं. ढग आले की ढिम्म. नातीने ती युरियाबरोबर शेजारच्या भट्टीवाल्याच्या भट्टीत भाजली. फिकट पिवळी झाली आणि साध्या उजेडातही कामाला लागली. एकच खोट उरली, पाण्याबरोबर पावडरही वाहून जायची.

थोरल्याने डबा उघडला. रंगाऱ्याच्या घरात पांढरं पिवळं पडलं की नासलंच. वाया जाऊ नये म्हणून पठ्ठ्याने ती पांढऱ्या सिमेंटात कालवून हौदाला आतून फासली!

नात किंचाळली, "मामा, माझी सगळी मेहनत होती त्यात!"

"मग डब्यावर लिहायचं!"

"लिहिलं होतं!"

"एवढं बारीक कोण वाचतं?"

मी म्हटलं, "भांडा खुशाल, पण गिलावा वाळला की रंगाचं पाणी सोडा."

सोडलं. आभाळ भरलेलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी हौदाचा तळ दिसला. पावडर गिलाव्यात घट्ट बसलेली, आता वाहून जाणार कुठे? शेजारच्या साध्या हौदातलं तेच पाणी लालच्या लाल. नातीने बाटल्या भरून तपासायला नेल्या. मंडळाची मंजुरी येईपर्यंत मी रोज हौदावर खेपा घातल्या.

कुलूप निघालं. लॉन्ड्रीवालीने माझ्यासमोर गटारात पांढरा रुमाल बुडवला, उजेडात धरला आणि म्हणाली, "बरं आहे." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. छातीवरचा धोंडा उतरला. आता बोलावणं आलं तर मी निघायला मोकळी.

चार. थोरला 'माझा शोध' म्हणत मिरवतो. बाबा रे, तू फासलंस, शोधलं तिने. पण गिलावा तुझा चांगला बसला, म्हणून पुढचे हौदही तूच फासायचे, ती सांगेल तसे.

साक्षीदार: भट्टीवाला, लॉन्ड्रीवाली (हिने सही मागून घेतली).
ठिकाण: हौदाचा कट्टा.
तारीख: कुलूप निघालं त्यानंतरचा सोमवार.
सही: माझी.

सहीखाली आणखी एक. गिलावा झिजून पाण्यात पुन्हा रंग उतरला, तर लॉन्ड्रीवालीच्या दारात थोरल्याने जायचं. रंग त्याच्या कढईतला, तेव्हा उत्तरही त्यानेच द्यायचं. नातीला पुढे करायचं नाही.